रस्त्यात उभं राहून दाखवलेली गोलाई

लातूरची गोलाई, म्हणजे तिथली गोल बाजारपेठ, आमच्या घरमालकांइतकी कुणालाच ठाऊक नव्हती, आणि तिथल्या दुकानांचा आतला भाग त्यांच्याइतका कुणाला अनोळखी नव्हता. मी उमरीहून शिकवणीत गणित शिकवायला लातूरला आलो आणि त्यांच्या एका खोलीत दोन सहकाऱ्यांसोबत राहू लागलो. माझ्याकडे कुणी पाहुणा आला की मालक हक्कानं त्याला बाजार दाखवायला नेत, पण स्वतः कुठलाच उंबरा ओलांडत नसत. भूकंपात गावाकडच्या घराचं मातीचं माळवद कोसळून त्यांची आई गेली. तेव्हापासून डोक्यावर पत्रा चालेल, स्लॅब नको. शेजारी शिकवणीच्या पोरांसाठी मजल्यावर मजले चढवत होते आणि आम्ही उन्हाळाभर पत्र्याखाली भाजून निघत होतो. तक्रार केली की म्हणत, "घाम पुसता येतो, सर."

दुकानदारांनाही सवय झाली होती. भुसार लाईनीत मालक भर रस्त्यातून हाळी देत, "शेठ, पाहुणे आलेत, तूर दावा," की मुनीम परात घेऊन बाहेर. कापडवाला तर इरकली साडी थेट रस्त्यावर उलगडायचा आणि रिक्षावाले शिव्या देत वळसा घालायचे. माझ्या मेहुण्यांच्या पायाचं माप तर मालकांनी एकदा उसाची ट्रॉली थांबवून चपलवाल्याला भर रस्त्यात घ्यायला लावलं होतं.

मग थोरली बहीण भाचीला घेऊन आली. भाचीला डॉक्टर व्हायचं होतं. शिकवणीजवळच्या मुलींच्या होस्टेलात तिसऱ्या मजल्यावर एकच कॉट शिल्लक होती आणि संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. त्याआधी अर्थातच गोलाई. बहिणीनं सहज विचारलं, "काका, तुम्ही आत का येईना गेलात?" त्यांनीही सहज, खरं ते सांगून टाकलं.

बहिणीचा चेहराच उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "इतकी वर्षं इथं राहिलेला माणूस स्लॅबखाली उभा राहत न्हाई, अन् मी लेकीला तिसऱ्या मजल्यावर ठेवू? आम्ही परत चाललो." भाची हातातली पिशवी छातीशी घट्ट धरून उभी राहिली. मला मालकांचा भयंकर राग आला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. टोपी काढून ते डोकं खाजवत म्हणाले, "चला, खोली बघू."

होस्टेलचा जिना ते एका हातानं कठडा आणि एका हातानं माझा दंड धरून चढले. दंडावर बोटांचे वळ उठले, तेव्हा मला माझ्या रागाची लाज वाटली. वर गेल्यावर ते कॉटवर बसले, छताकडं पाहिलं, घाम पुसला. भाचीकडून पाणी मागून घेतलं आणि अख्खा तांब्या सावकाश संपवला.

"ताई, खांब लई बेस हायत," ते म्हणाले. "आमच्या गावाला दगड-माती होती, हे निराळं हाय. पोरीला शिकू द्या. माझं भ्या माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या, तिला नका देऊ."

बहिणीनं होकारार्थी मान हलवली. खाली येतानाही मालकांनी कठडा सोडला नाही. तरी रस्त्यावर येताच म्हणाले, "कापड लाईन राहिलीच की."

कापडवाल्यानं बहिणीसाठी आत पंखा लावला, गादी झटकली. बहीण मात्र मालकांशेजारी रस्त्यातच उभी राहिली. "इथंच दाखवा," म्हणाली. भाचीनं पिशवी खाली ठेवली आणि इरकलीचं एक टोक धरलं. मालकांनी रिक्षा अडवायला हात वर केला.