पोरीचे दुप्पट काऊन?

उकडत्या रताळ्यांचा वास आला की माझं डोकं तापतं. आज शिवरात्रीला तेच झालं. मुलगी झालेल्या माझ्या नातसुनेला तिच्या सासूनं बजावलं, "सव्वा महिना होईस्तोवर देवघराकडे फिरकू नको."

सत्तर वर्षांपूर्वी अशाच शिवरात्रीला आमचं गाव नदीकाठच्या मार्कंड्याच्या महादेवाच्या जत्रेला गेलं होतं. माझी माय मात्र माझ्या तान्ह्या बहिणीला घेऊन गोठ्यालगतच्या खोलीत, ओव्या-शेपांच्या धुरात पडलेली. मिशनची एक बाई तेवढी विटाळ न मानता आत यायची, पुस्तक वाचून दाखवायची. त्या दिवशी तिनं प्राचीन यहुदी लोकांचे सण आणि नेम वाचले. बाळंतिणीनं पवित्र वस्तूला शिवू नये, देवळात जाऊ नये. मुलाच्या वेळी जितके दिवस, मुलीच्या वेळी त्याच्या दुप्पट.

माय ताडकन उठून बसली. "पोरीचे दुप्पट काऊन?"

बाई गडबडली. "ते जुनं झालं. आम्ही नाही मानत आता."

"इथी तं मानून राह्यले ना! तुमचा देव दूरचा, आमचा नदीकाठचा. दोघायलेबी पोरीचाच विटाळ होते का?"

ती तरातरा चुलीपाशी गेली. नैवेद्याला झाकून ठेवलेलं रताळं उचललं आणि उभ्या उभ्या खाल्लं.

संध्याकाळी जत्रेहून आलेल्या माझ्या बापानं त्या ओल्या बाळंतिणीला काठीनं मारलं. देवाला पावित्र्य हवं होतं म्हणे!

आज मी रताळ्यांचं पातेलं तसंच उचललं आणि नातसुनेपुढे नेऊन ठेवलं. सून ओरडली, "आई, नैवेद्य व्हायचा आहे!"

"खाय पोरी," मी म्हटलं. "देव थांबन."