कोठे उतरनं शे?

माणूस समोर आला की काका आधी काखेतली पिशवी सावरायचे, मान जराशी कलती करायचे आणि विचारायचे, "कोठे उतरनं शे?" नाव नाही, वय नाही, आजार नाही. उतरायचं कुठं, एवढंच. आयुष्यभर धडगाव-मोलगीच्या एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर तिकिटाची पेटी सुटली, सवय तेवढी राहिली.

मी नंदुरबारातल्या एका संस्थेत स्वयंसेवकांची समन्वयक आहे. सरकारी दवाखान्याच्या दारात आमचं एक मदतीचं टेबल असतं. डोंगरातून आलेल्या माणसांना केसपेपर कुठं, रक्त कुठं द्यायचं, कुठल्या खोलीत जायचं हे तिथले स्वयंसेवक सांगतात. काका त्या टेबलावर माझ्या आधीपासूनचे. मी पहिल्या दिवशी रुबाबात जाऊन माझं नाव, पद वगैरे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तेच विचारलं. मी माझं गाव सांगितलं, कोरीट. झालं! त्या दिवसापासून माझं नाव कोरीट.

"काय कोरीट, चहा लेस का?"

सगळ्यांचं तेच. बाळंतपणाच्या वॉर्डातल्या नर्सबाई म्हणजे खांडबारा, दारावरचा शिपाई म्हणजे तळोदा. गंमत वाटायची. पण एकदा मी नीट बघत बसले. डोंगरातली बाई आमच्या टेबलाशी आली की नाव विचारल्यावर पदर तोंडात धरते. काय त्रास होतो विचारलं तर जमिनीकडे बघते. पण गाव विचारलं की पटकन सांगते. मग काका तिच्या पावरी बोलीत त्या गावचा नाला, नाल्यावरचा आंबा, आंब्याखालचा थांबा असं एकेक काढत जायचे. तिसऱ्या वाक्याला ती हसायची आणि चौथ्याला कुठं दुखतं ते सांगायची.

ही माणसं परत आली की काकांना आमचूर आणायची. कागदाच्या पुडीत बांधलेल्या, वाळलेल्या कैऱ्यांच्या आंबटढाण फोडी. काकांच्या शर्टाच्या खिशाला कायम तो वास. आमच्या नियमावलीत स्वच्छ लिहिलेलं की स्वयंसेवकानं कोणाकडून भेटवस्तू घेऊ नये. ते कलम मीच लिहिलेलं. मी त्यांना वाचून दाखवलं.

"हाई भेट नई शे, कोरीट. भाडं शे."

"कसलं भाडं?"

"पोचाडं ना त्यासले!"

पोचवल्याचं भाडं! मी नियमावली मिटून ठेवली.

मग आमच्याकडे अ‍ॅप आलं. मुख्य कार्यालयाचं म्हणणं असं की समाज बदलतोय, स्वयंसेवाही बदलली पाहिजे. आल्यावर हजेरी, जाताना हजेरी, दोन-दोन तासांच्या पाळ्या, महिन्याचे तास, त्यावर प्रमाणपत्र. कॉलेजची पोरं धडाधड आली. चांगली पोरं हो, त्यांना नावं ठेवायची नाहीत मला. नोंदणीचा फॉर्म मी बनवला. भाषांच्या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन चौकटी ठेवल्या. पावरी, भिली, कोकणी या डोंगरातल्या बोली माझ्या डोक्यातच आल्या नाहीत. घरी अहिराणी बोलणारी मी, मला माझी स्वतःची बोलीही त्या चौकटीत घालावीशी वाटली नाही. ऑफिसात बसलं की डोकं असं चालतं.

काकांनी फॉर्म उलटसुलट करून बघितला आणि टेबलावर ठेवला. "माले काम सांग ना. टाइम कसाले सांगस?"

दिवाळीनंतर डोंगरातली आमची स्वयंसेवक पोरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, तशी त्याही वर्षी गेली. मी त्यांच्या नावांपुढे ‘गळती’ असं लिहिलं. काका मागून वाचत होते. "गळती नई, सीझन शे," म्हणाले. "होळीले पाह्य, सगळा येतीन." मला राग आला. माझ्या तक्त्यात सीझनला जागा नव्हती.

काका नेहमीप्रमाणे डोंगरातल्या काठी गावच्या होळीला गेले ते आठवड्यानं परतले. हजेरी त्यांनी तशीही कधी लावली नव्हती. अ‍ॅपनं त्यांचं नाव लाल करून माझ्यापुढे टाकलं आणि खाली विचारलं, काढायचं का? मी ‘होय’ दाबलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. नियम सगळ्यांना सारखा, असं मी स्वतःला समजावलं आणि त्यांना सांगताना त्यांच्याकडे न बघता सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते आले. संस्थेचं निळं जाकीट धुऊन, इस्त्री करून, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवलं. "ले," म्हणाले, आणि गेले. मी त्यांना थांबवायला पाहिजे होतं. नाही थांबवलं.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांतली गोष्ट. धडगावच्या पलीकडून एक म्हातारी आपल्या गरोदर सुनेला घेऊन आली. सुनेचे पाय सुजलेले, रक्तदाब चढलेला. डॉक्टरांनी भरती व्हायला लिहून दिलं. पुढचं समजावायचं काम आमच्या टेबलाचं. पाळीवरच्या पोरानं शुद्ध मराठीत, फार सौजन्यानं सगळं सांगितलं. दोघी प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. पोरानं अ‍ॅपवर नोंद केली, मदत पूर्ण, हिरवी खूण. दोघी उठल्या आणि फाटकाबाहेर चालत्या झाल्या. दिलेला कागद म्हणजे औषधाची चिठ्ठी, आता घरी जायचं, असं त्या समजल्या होत्या.

तासाभरानं नर्सबाई विचारायला आल्या, "ती धडगावची कुठाय?" मी प्रत्येक वॉर्ड धुंडाळला, संडासापर्यंत जाऊन आले. फाटकाशी उभी राहून रडायच्या बेतात होते, तेवढ्यात एक रिक्षा थांबली. पुढे काका, मागे त्या दोघी.

"कोरीट, ह्या दोन सीटा मधमाच उतरी गयथ्यात," काका म्हणाले. "बसाड परत."

झालं असं की एसटी स्टॅंडवर त्या धडगावच्या गाडीत चढत होत्या. काका तिथल्या बाकावर बसलेले. त्यांनी म्हातारीला सवयीनं विचारलं आणि तिच्या हातातला कागद बघितला, एवढ्यावर सगळं निभावलं. सून दुसऱ्या दिवशी सुखरूप बाळंत झाली. काका त्या बाकावर कधीपासून बसत होते? जाकीट दिलं त्या दिवसापासून. माझ्या अ‍ॅपला याचा पत्ता नव्हता आणि मलाही नव्हता.

मी जाकीट घेऊन स्टॅंडवर गेले. चुकलं म्हटलं. तुम्ही परत या म्हटलं. पाया पडायचीही माझी तयारी होती.

"जाकीट नको," ते म्हणाले. "ते घालं का लोके माले साहेब समजतस. आनि तुना दवाखानामा येवाना पह्यले त्या आठेच उतरतस ना?"

एवढं साधं! आम्ही वर्षानुवर्षं दाराशी टेबल मांडून बसलो होतो आणि माणसं त्याच्या आधीच, स्टॅंडवर उतरताच, हरवत होती. मी हट्ट धरला, यादीत नाव तरी राहू द्या. त्यांनी नुसता हात हलवला. मग मी कधी नव्हे ते बरोबर बोलले. "काका, काम सांगू? आमच्या पोरांना शिकवा."

"हां, हाई काम शे," म्हणाले, आणि बाकावर सरकून मला जागा दिली.

मग दर मंगळवारी चार पोरं त्यांच्याजवळ बसायला लागली. मी मुख्य कार्यालयाशी भांडून तासांचा रकाना काढला. त्या जागी दोनच प्रश्न ठेवले, कोणतं काम येतं आणि कोणत्या दिवसांत गावी असता. ऊसतोडीला गेलेली पोरं पुढच्या होळीला खरंच परत आली. कार्यालयानं मला या प्रयोगावर भाषण द्यायला बोलावलं. मी काकांना ते सांगितलं, तर ते खोकला येईपर्यंत हसले.

या पावसाळ्यानंतर एका मंगळवारी बाक रिकामा होता. केळीच्या गाडीवाल्यानं सांगितलं, "गया ना त्या सुरतले, पोरगीकडे. गुडघाच चालत नई त्यासना." मला सांगून गेले नाहीत. संस्था सोडणाऱ्या स्वयंसेवकासाठी मी एक निरोपाचा फॉर्म केला आहे, पण ते यादीतच नव्हते. मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. अजून येतो. आता मला कोणी कोरीट म्हणत नाही.

मंगळवारी मी जाऊन बसते तिथं. परवा धडगावची गाडी लागली आणि एक म्हातारी उतरली, कडेवर गुटगुटीत पोर. सुनेला घेऊन आलेली तीच ती, मी ओळखलं. तिनं मला ओळखलं नाही. मी मान कलती करून विचारलं, "कोठे उतरनं शे?" माझ्या उच्चाराला ती हसली. मग बाकावर इकडेतिकडे बघत तिच्या बोलीत कंडक्टर कुठं म्हणून विचारलं. एवढं मला आता कळतं.

"सुरतले उतरनात," मी म्हटलं.

तिच्या हातात कागदाची पुडी होती, आंबट वास माझ्यापर्यंत आला. तिनं ती परत गाठोड्यात ठेवली आणि गाठ मारली. मला दिली नाही. मी तिला कुठं पोचवलं होतं?