निळी शेळी आणि शकीलचा पिक्चर

लग्नाच्या शूटिंगवाल्याशी दोस्ती असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. तेच आपणहून दुकानात येऊन बसतात. जालन्यात मस्तगडला माझं स्टेशनरीचं दुकान आणि शेजारी शकीलचा स्टुडिओ. मधे एक भिंत, तीही अर्धीच. त्यामुळं शकीलनं पिक्चर काढायचं ठरवलं तेव्हा मी त्यात ओढला जाणार हे उघडच होतं. पिक्चर जेमतेम बारा मिनिटांचा झाला. त्याचे किस्से मात्र आम्ही अजून पुरवून पुरवून सांगतो.

आधी पुस्तकाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. शकील, मी आणि त्याच्याकडं एडिटिंग करणारा दत्ता, तिघंही आष्टीच्या एकाच शाळेतले. पहिलीत सोळंके बाईंकडं एक चित्रांचं पुस्तक होतं. एक निळी शेळी दावं तोडून निघते, हिंडते आणि शेवटी घराच्या दारात येऊन उभी राहते. अक्षर एकही नाही, नुसती चित्रं. बाई पुस्तक आमच्याकडं तोंड करून धरायच्या आणि दर चित्राला विचारायच्या, "आता काय होईन?" आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडायचो. कोणाचं पटलं की बाई म्हणायच्या, "बराबर!" मग पुढचं पान.

पान उलटायचं काम शकीलचं. हुशार म्हणून नव्हे! तो जागेवर बसायचाच नाही, म्हणून बाईंनी त्याला शेजारी उभं करून कामाला लावलं होतं. हा गडी बोटाला थुंकी लावून दोन-दोन पानं एकदम उलटायचा. बाई म्हणायच्या, "शकील, घाई नको. एकेक." सगळ्या वर्गाला कधी ना कधी 'बराबर' मिळालं. शकीलला 'एकेक'.

*

मागच्या वर्षी आष्टीत एका लग्नाचं शूटिंग होतं. मीही वऱ्हाडात होतो. ऐन मंगलाष्टकं चालू असताना शकीलनं कॅमेरा दत्ताच्या हातात दिला आणि तो मांडवातून पळत सुटला. मला वाटलं, कुठं आग लागली! बघतो तर बायकांच्या रांगेत सोळंके बाई बसलेल्या.

बाईंनी चष्मा सारखा करून त्याच्याकडं नीट पाहिलं. "कोण, शकील का? आजून दोन-दोन पानं उलटून राह्यला का रे?"

चाळिशी ओलांडलेला माणूस, पण कानापर्यंत लाल झाला. मग बोलता बोलता कळलं की दिवाळीनंतर बाई कायमच्या नागपूरला लेकीकडं जाणार आहेत. ते पुस्तक पोरांनी हाताळून हाताळून कधीच संपवलं होतं. शकील तिथंच म्हणाला, "बाई, मी त्याचा पिक्चर काढतो. तुम्ही जायच्या आधी दाखवतो."

"काढ की," बाई म्हणाल्या. "शेळी निळीच पाहिजे पण."

परत येताना गाडी मंठा रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, "एकदा बाईच्या तोंडून 'बराबर' ऐकायचंय यार. बस." आम्ही हसलो नाही. आम्हाला ते मिळालेलं होतं ना!

*

लिहायचं काम माझ्याकडं आलं. कारण काय, तर माझ्या दुकानात पेनं आहेत! गोष्ट ठरवायला स्टुडिओत बसलो. पुस्तक नाही, तेव्हा आठवणीवर भिस्त. मी म्हणालो, "शेळी आधी विहिरीवर जाते."

"विहीर कुठून आणली?" दत्ता उसळला. "शेळी लग्नात घुसती आन् नवरदेवाचा हार खाती."

"दोघंबी येडे हायेत," शकील म्हणाला. "ती मोटारीत बसून परतूरला जाती."

शेवटी दत्तानं त्याच शाळेत शिकलेल्या धाकट्या बहिणीला फोन लावला. ती तिकडून ठासून म्हणाली, "दादा, ती शाळेत येऊन खडू खाती! तेवढंबी याद न्हाई का?"

आता मिटवायचं कोणी? बाईंना फोन केला. बाई खळखळून हसल्या. "अरे बाबांनो, चित्रात शेळी नुसती चालून राह्यल्ती. विहीर, लग्न, मोटार, हे सगळं तुम्ही पोरं सांगत होता."

फोन ठेवल्यावर दत्ता पुटपुटला, "पण हार तर मी डोळ्यानं बघितल्ता!"

*

मग निळ्या शेळीची शोधाशोध. पांढरी मिळाली, तीर्थपुरीला, दत्ताच्या सासरच्या गणपतकाकांची. रुक्सानाभाभींनी, म्हणजे शकीलच्या बायकोनं, मिठाईत घालतात तो निळा रंग कालवला आणि शेळीला शिंगापासून शेपटापर्यंत रंगवलं. शेळी शांत. गणपतकाका कासावीस. "उतरंन ना हो हे?"

"काका, बिलकुल! एका धुण्यात जाईन," शकील म्हणाला.

कसलं जातंय! शूटिंग उरकल्यावर धुतली, घासली, भाभींनी शाम्पूसुद्धा लावला. शेळी उलट जास्तच चमकायला लागली. काका तिला तशीच घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "अहो, आमच्या मंडळीनं वळखलंच न्हाई! ही कोणाची पीडा म्हणून दारातून हाकलून दिल्ती!"

"मंग?" शकीलनं घाबरून विचारलं.

"मंग काय? तिची करडं पळत आली आन् लुचायला लागली. तवा कुठं मंडळीला पटलं."

*

शूटिंगच्या पहिल्या दिवसाचं राहिलंच की. लग्नाच्या धंद्यात शकीलचा एकच धर्म आहे: कोणी राहायला नको. तो म्हणतो, "नवरदेव एखाद्या वेळेस राह्यला तर चालंन. मोठा जावई व्हिडिओत न्हाई दिसला तर आपली खैर न्हाई." वीस वर्षं हात तसेच वळलेले. समोर गर्दी आली की कॅमेरा आपोआप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांच्या तोंडावरून हळूहळू फिरतो.

तीर्थपुरीच्या बाजारात शेळी सोडली. लोकांनी कॅमेरा बघितला आणि धंदा सोडून रांगेत उभे राहिले. कोणी शर्ट खोचला, कोणी टोपी सारखी केली. भाजीवाल्या मावशींनी डोक्यावरून पदर घेऊन हात जोडले. एका म्हाताऱ्यानं कॅमेऱ्याला अक्षता टाकल्याची ॲक्शनसुद्धा केली!

संध्याकाळी स्टुडिओत बघायला बसलो. काय सुंदर आलं होतं! अख्खी तीर्थपुरी होती, तीही हसरी. बघता बघता दत्ता म्हणाला, "शकीलभाई, शेळी कुठंय?"

शकीलनं पुढं-मागं करून बघितलं. शेळी तेवढी राहिली होती. ती त्या वेळी मावशींची मेथी खात होती, आणि तिकडं कोणाचंच लक्ष नव्हतं.

सगळं परत शूट केलं. दत्तानं एडिट करून आणलं तर शेळी पुलावरून येतेय आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडताहेत. "दत्ता, हे काय रे?" मी विचारलं. तो ओशाळून म्हणाला, "सवयीनं पडल्या."

*

मी शेळीला झकास संवाद लिहिले होते. स्वातंत्र्यावर एक, आईपणावर एक. पुलावरचा तर असा होता की माझेच डोळे भरून आले. स्टुडिओत उभं राहून सगळे वाचून दाखवले. शकील गंभीर, दत्ता गंभीर. रुक्सानाभाभी चहा ठेवायला आल्या होत्या, त्या दारातच थांबून ऐकत होत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "भाईजान, बकरी इत्ती बातां करती तो मालक कब का बेच डालता!"

पिक्चरमध्ये आता फक्त घंटी वाजते.

*

दिवाळीच्या सुट्टीआधी आष्टीच्या शाळेत पिक्चर दाखवला. दुपारची वेळ, खिडक्यांना ताडपत्र्या, भिंतीवर चादर. खाली पहिली-दुसरीची पोरं, कडेला गणपतकाका, खुर्चीवर बाई. शकील मागं लॅपटॉपपाशी. मोठमोठ्या लग्नांत न डगमगलेला हा माणूस, पण वायर नीट बसलीय का हे तिसऱ्यांदा तपासत होता.

पिक्चर सुरू झाला. निळी शेळी दावं तोडून निघाली. पोरं खिदळली. आणि बाई म्हणाल्या, "थांबव."

शकीलनं पिक्चर थांबवला. त्याचा चेहरा मला बघवेना.

बाई उठल्या, सावकाश चालत चादरीपाशी गेल्या, थांबलेल्या शेळीच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि पोरांना म्हणाल्या, "आता काय होईन?"

लगेच कालवा! नदीवर जाईन, शेतात जाईन, मोबाईल खाईन! बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग मागं न बघता म्हणाल्या, "उलट, शकील."

शकीलनं बटण दाबलं. थोडं चाललं की बाईंचा हात वर. शकील थांबवायचा. पोरं ओरडायची. "उलट, शकील." बारा मिनिटांचा पिक्चर मधल्या सुट्टीपर्यंत पुरला. सुट्टीची घंटा झाली तरी एक पोरगं उठलं नाही.

शेवटी शेळी घराच्या दारात उभी राहिली. बाई म्हणाल्या, "आता?"

पुढं बसलेली एक मुलगी म्हणाली, "तिला घरात घेणार न्हाईत. ती निळी झाली ना."

गणपतकाकांनी माझ्याकडं बघितलं. आमच्या पिक्चरमध्ये करडं नव्हती. तिथल्या पोरांपैकी कोणालाच काकांच्या घरची गोष्ट माहीत नव्हती. मागच्या भिंतीपासून एक पोरगा ओरडला, "तिची पिल्लं वळखतील की!"

"बराबर!" बाई म्हणाल्या. "उलट, शकील."

शकील उभा राहिला. "बाई, संपलं. पुढं पान न्हाई."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि पहिल्यांदा त्याच्याकडं वळून बघितलं.

"एकबी पान सोडलं न्हाईस रे आज," त्या म्हणाल्या. "लाव मंग पहिल्यापासून."