पीयूसीचं वर्ष अन् आजीचं गाव

ये, अशी उंबऱ्यात काऊन थांबलीस? सरक जवळ. जरा रागावलेच आहे मी तुझ्यावर. तुझी आई सांगत होती, तू मैत्रिणींना म्हणालीस, ‘आमच्या आजीला तिच्या बाबांनी कौतुकानं कॉलेजात घातलं.’ बाई, विचारल्याशिवाय असं सांगत फिरू नये. बानं कौतुक केलं, नाही असं नाही, पण मागाहून. आधी तर त्यानंच मला खोटं लिहायला सांगितलं होतं.

आमचं गाव वांकिडीजवळ. घरात मराठी, बाजारात तेलुगू, कचेरीत उर्दू. गावची शाळा चौथीपर्यंत, पुढचं मी घरीच वाचलं. माझा मामा बेल्लमपल्लीच्या कोळसाखाणीत मजुरांचे खाडे लिहायच्या कामावर होता. येताना तो साहेबाच्या बंगल्यातली जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं आणायचा. एकदा मागचा पुठ्ठा गेलेला शब्दकोश आणला. त्यावर मी बाहेरून बसून मॅट्रिक झाले, अन् डोक्यात घेतलं की हैदराबादला जाऊन इंग्रजी साहित्यच शिकायचं. पण बीएला सरळ कोणी घेत नसे. आधी पीयूसीचं एक वर्ष, इंग्रजीतून ऐकायची-लिहायची सवय लागावी म्हणून. ते पास झालं तर पुढं साहित्य.

तेव्हा नुकतीच राज्यं नव्यानं आखली होती. निजाम गेला, मग त्याच्या मुलखाचेही वाटे पडले. आमचं गाव तेलुगू राज्यात राहिलं अन् राजुऱ्याचा भाग आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातून काढून मुंबई राज्याला दिला. मायचं माहेर नेमकं राजुऱ्याकडं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडं ठरलेलंच. म्हणजे मी जन्मले आजीच्या घरी. कॉलेजच्या फॉर्मवर जन्मगाव विचारलं होतं, मी आजीचं गाव लिहिलं.

कारकून फॉर्म पाहून म्हणाला, ‘कूर्चोम्मा.’ म्हणजे बस बाई. अन् बसवून सांगितलं, ‘हे गाव तर दुसऱ्या राज्यात आहे. तू इथली असल्याचा मुलकी दाखला आण.’ तोवर कच्चा प्रवेश. हजेरीपटात नाव नाही. दाखला नाही आला तर परीक्षा नाही, अन् परीक्षा नाही तर साहित्यही नाही.

नाव नाही तर नाही. पहिल्याच दिवशी सरांनी शेवटचा नंबर पुकारला अन् मी आपली उभी राहून म्हणाले, ‘प्रेझेंट, सर.’ पोरं हसली. सर म्हणाले, ‘युअर नंबर?’ मी म्हटलं, ‘नो नंबर, सर. प्रेझेंट.’ हे रोज. महिनाभरानं सरच शेवटच्या नंबरानंतर चष्मा वर करून माझ्याकडं पाहायला लागले.

शिकवलेलं निम्मं डोक्यावरून जाई. एक इंग्रजी गोष्ट होती, दोन शेजारणी कुंपणावरून भांडतात अशी. रात्री वसतिगृहाच्या खोलीतल्या मुलीला मी ती आपल्या बोलीत सांगायला बसले अन् सांगता सांगता मलाच कळली. बर्फाच्या देशातल्या त्या बाया, पण भांडण अगदी वांकिडीच्या बाजारातलं. हे शिकायचं नाही तर काय शिकायचं?

संक्रांतीला घरी आले. कापूस वेचायचे दिवस, तरी बा माझ्यासोबत तालुक्याच्या कचेरीत आला. तिथला कारकून भला होता, तेच अवघड झालं. म्हणाला, ‘पैदाइश उधर की, तो मुलकी इधर का कैसे देतूं अम्मा? बाप का गाँव लिख देव, अब्बीच सही करातूं.’

बा म्हणाला, ‘लिहून टाक ना व पोरी. आपलंच गाव हाय. कोन पाहून राह्यलं?’

मी लिहिलं नाही. तसेच परत आलो. बानं घरी मायला सांगितलं, पोरगी आयकत नाही, वर्ष वाया घालवते. माय भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, ‘लिहा ना जी, इथंच जलमली म्हणून. मंग मायी माय सव्वा महिना कोनाले न्हाऊमाखू घालत होती, तेबी लिहा.’

बा तंबाखू मळत बसला.

मग मी अर्ज लिहायला घेतला. त्याच कचेरीच्या मोठ्या साहेबासाठी, इंग्रजीतून, तो पुठ्ठा गेलेला शब्दकोश मांडीवर घेऊन. दोन दिवस लागले. लिहिलं की माझी आई बैलगाडीनं माहेरी गेली, तशा आमच्या सगळ्या बाया जातात. गेली ती याच जिल्ह्यात अन् सव्वा महिन्याच्या मला घेऊन परतली तीही याच जिल्ह्यात. मी जागची हललेली नाही. सरकारची हद्द मात्र मी मोठी झाल्यावर आली अन् माझ्या दोन घरांच्या मधून गेली.

साहेब जुन्या काळातला, उर्दू शिकलेला. सकाळी अर्ज आत गेला, दुपारी मला बोलावलं. म्हणाला, ‘ये दरख़्वास्त है के क़िस्सा?’

‘सच है, साहब.’

‘लिखके किसने दिया?’

‘मैंने लिखा.’

त्यानं कोरा कागद पुढं सरकवला. ‘मेरे सामने एक जुमला लिख.’

मी उभ्या उभ्याच इंग्रजीत एक वाक्य लिहिलं, ‘मी सकाळपासून इथं उभी आहे अन् मला कोणी खुर्ची दिलेली नाही.’

साहेबानं वाचलं, पुन्हा वाचलं अन् चपराशाला खुर्ची आणायला सांगितलं. मी बसल्यावर त्यानं अर्जावर आपल्या हातानं लिहिलं की जन्माच्या वेळी सदर गाव याच जिल्ह्यात होतं, दाखला द्यावा. बा दारातून सगळं पाहत होता. परतीच्या वाटेवर विचारतो, ‘काय लिवलं व तू, का साहेबानं खुर्ची देली?’ त्यानंतर वर्षभर तो बाजारात ज्याला त्याला हेच सांगे.

परीक्षेला बसले. सेकंड क्लासात पास झाले अन् जूनमध्ये इंग्रजी साहित्याचा फॉर्म भरला. इतिहास सोपा जाईल, असं दोघातिघांनी सांगून पाहिलं. सोपं काय ते विचारायला मी आले नव्हते.

त्या अर्जाची मी नक्कल करून ठेवली होती, अजून आहे. शाई फिकी झाली, मला आता वाचता येत नाही. इंग्रजीच्या चुका आहेत त्यात, त्या तू दुरुस्त करायच्या नाहीत, अर्ज आहे तसा मला मोठ्यानं वाचून दाखवायचा. आज घाईत आहेस, दिसतंय मला. पण पुन्हा यायला दिवाळीची वाट पाहू नको. आसिफाबादहून वांकिडीची बस मिळते, तिनं ये, अन् लवकर ये.