माडीवरचा उंदीर

ईशान, सई,

माडीवरच्या वाय-फायच्या डब्याला चिकटवलेली ती वेडीवाकडी चिठ्ठी कुणाची, असं तुम्ही रविवारी विचारलंत आणि मी विषय बदलला. आता बदलत नाही. ती ज्यांनी चिकटवली ते मागच्या महिन्यात गेले. खरी हकीकत ठाऊक असलेली मी एकटीच उरले.

ते आधी डब्यावर तळहात ठेवायचे, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. मग म्हणायचे, "नाव नगा सांगू बाई. हजेरी घिऊ."

मूळचे माण तालुक्यातले. उमेदीची वर्षं फौजेत तारा ओढण्यात गेली. निवृत्त झाल्यावर कुपवाडला खोली घेऊन घरोघरचं इंटरनेट दुरुस्त करत. मी त्यांना फौजी म्हणे. पायरीशी चपला काढून त्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या सरळ लावणारा हा एकच कारागीर आमच्या सांगलीच्या घरात आला. माझं मत पहिल्याच दिवशी चांगलं झालं.

आजोबांना अर्धांगवायू होऊन तेव्हा सहा महिने झाले होते. एकेक शब्द जुळवून बोलत. रोज संध्याकाळी माडीवरून तुमच्याशी बोलायचं, याशिवाय काही मागत नसत. दसऱ्यानंतर तो फोन दोन मिनिटांत तुटू लागला. ईशान, तू तिकडे तुझ्या मोबाइलवर डब्यांची यादी पाहायचास. तीन डबे, तीन नावं. 'स्वयंपाकघर' ठीक, 'माडी' ठणठणीत, 'ओसरी' मात्र सारखी बंद. ओसरीवर चपला आणि मांजर यांखेरीज कोणी नसतं, म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष केलं आणि तू ठणठणीत माडीलाच पुन्हा पुन्हा बंद-चालू करत राहिलास.

एके दिवशी आजोबांनी फोन माझ्या हातात परत दिला. म्हणाले, "पोरं... कंटाळतात. तोडतात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन मागितलाच नाही.

मी फौजींना बोलावलं. माझ्या मोबाइलवर तीच यादी दाखवून म्हटलं, "दोष ओसरीच्या डब्यात आहे. माडीचा उत्तम आहे. तरी माडीवरच फोन तुटतो."

"आवं बाई, फौजेत एकाच्या नावावर दुसराच 'हाजीर' म्हनायचा. यादीवर माझा इस्वास न्हाई."

त्यांनी ओसरीवरच्या डब्याची पिन उपटली. यादीतली 'माडी' बंद पडली.

"घ्या. माडी खाली ओसरीवर बसलीया. डबं कुणी हलवलं व्हतं?"

गल्लीत माझ्या टापटिपीचं नाव काढतात. डाळींच्या बरण्यांनासुद्धा मी लेबलं लावते, तीही इंग्रजीत. दसरा काढताना घरातली प्रत्येक वस्तू पुसून जिथल्या तिथे ठेवली, याची मला खात्री होती. तिन्ही पांढरे डबे मी एकदमच खाली आणून पुसले होते. खंडेनवमीला त्यांना कुंकूही लावलं होतं. त्यातला जिथल्या तिथे गेला तो फक्त स्वयंपाकघरातला, आणि तोही योगायोगाने.

फौजी कुंकवाकडे बघत राहिले. "पूजा लय झ्याक केलीया," एवढंच म्हणाले.

माडीवर गेलो. तिथे 'ओसरी' नावाचा डबा बसला होता. त्याच्या वायरच्या टोकाची प्लास्टिकची कडी तुटलेली. वायर खोबणीत नुसती टेकवलेली होती, पंखा लावला की हलायची. ओढून काढताना कडी मीच तोडली होती.

आजोबा पलंगावरून सगळं पाहत होते. फौजी वायरला नवं टोक बसवता बसवता त्यांच्याकडे वळले. "आबा, पोरं फोन तोडत न्हाईत. ही वायर तोडतीया."

"वायर... कुणी... तोडली?"

वाक्य पुरं होईपर्यंत फौजी थांबले. तेवढ्या वेळात मी कबुलीची तयारी केली.

"उंदरानं," फौजी म्हणाले.

"कसला... उंदीर?"

"लय मोठा. शिकल्याला दिसतुया. जाताना समदं पुसून गेलाय."

आजोबा तोंडाच्या एका बाजूने हसले. दुखण्यानंतर पहिल्यांदाच. मी चहा टाकायला खाली गेले.

फौजींनी तीन डब्यांना जागेच्या नावाच्या तीन चिठ्ठ्या चिकटवल्या, ईशानला फोन करून नावं बदलायला लावली, आणि तरी जाईनात. "हजेरी पुरी हुं द्या," म्हणत पायरीवर बसून राहिले. वर आजोबा सईला आपल्या शाळेतल्या सायकलची गोष्ट सांगत होते. सई, तुला आठवत असेल, गोष्टीला वीस मिनिटं लागली. गोष्टीतली सायकल विकली गेली तेव्हा फौजी उठले.

पुढे दरवर्षी दसरा काढायच्या आधी ते न बोलावता यायचे आणि जिन्यातूनच ओरडायचे, "आबा, उंदीर गावला का?" आजोबांनी मला पिंजराही आणायला लावला होता. ते थट्टा करत होते की खरंच समजत होते, हे मी कधी विचारलं नाही.

यंदा फौजी आले नाहीत. मी फोन केला, तो त्यांच्या सुनेने उचलला. "मामा गेलं वं, आजी," म्हणाली.

डबे मी यंदा जागेवरच पुसले. चिठ्ठ्या तिन्ही शाबूत आहेत. माडीवरचा आजोबांचा फोन तुटत नाही. पिंजरा आजोबांच्या पलंगाखाली आहे, अजून रिकामा.