एकसष्टाव्या पानाचं भाषांतर

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांना मी आजवर एकच प्रश्न विचारत आलेय, "तेव्हा झोप पुरी झाली होती का?" त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण दोन महिने डोकेफोड करूनही हाती काही लागलं नाही, म्हणून इथे मांडतेय.

मी नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला राहते. पुण्यात फ्रेंच शिकले आणि गेली बावीस वर्षं औषध कंपन्यांची कागदपत्रं फ्रेंचमधून इंग्रजीत करते. आमच्या कामात एक नियम आहे : मूळ नाही, तर भाषांतर नाही. शेवटी "हे मुळाबरहुकूम आहे" असा दाखला द्यावा लागतो, त्यावर माझी सही असते.

शेजारी मादाम ओदेत राहतात. नव्वदीच्या, मूळच्या फ्रेंच. मार्चमध्ये त्यांनी वडिलांची डायरी आणून माझ्या टेबलावर ठेवली.

"माझ्या नातवासाठी इंग्रजीत कर. त्याला वाटतं, पणजोबांना जर्मनांनी तुरुंगात मारलं."

"आणि खरं काय?"

"ते वाच आणि तू सांग."

वडील आधी शाळामास्तर, मग महापौर, मग समाजवादी खासदार. गिरणी कामगारांसाठी भांडणारा माणूस. जर्मनांनी फ्रान्स घेतल्यावर त्यांच्याशी जमवून घेणारं सरकार आलं, त्यात हेच गृहस्थ जिल्ह्याचे बडे अधिकारी झाले. युद्धानंतर खटला, तुरुंग, तिथेच शेवट... म्हणजे त्यांना तुरुंगात टाकलं ते फ्रेंचांनीच.

वाचताना मला नुसता वैताग आला. माणूस नेमका कुठे फिरला, तेच सापडेना! आज गरिबांच्या कोळशाची काळजी, आठवड्याने जर्मन कमांडंटकडे जेवण. अक्षर तेच, सूर तोच. "हे तात्पुरतं आहे" हे वाक्य तर भाषांतर करून करून बोटांना पाठ झालं.

ओदेतना मात्र एकच जाणून घ्यायचं होतं. त्या लहान असताना शेजारच्या ज्यू कुटुंबाला एका सकाळी पोलिसांनी नेलं. ते परत आलं नाही. कुणाकुणाला न्यायचं, त्या यादीवर वडिलांची सही होती का?

डायरीत उत्तर नव्हतं. पानांना वडिलांनी स्वतः नंबर घातलेले, पण ६० नंतर थेट ६२. मधलं पान मुळापासून कापलेलं. मी "पान ६१ उपलब्ध नाही" अशी टीप समासात टाकली आणि पुढे गेले.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे भाषांतर. डावा रकाना रिकामा असेल तर उजव्यात एक अक्षरही टाइप होत नाही. एका मंगळवारी मी दातांच्या डॉक्टरकडून परत आले, लॅपटॉप उघडला... पान ६१. टीप गायब. डावीकडे काहीच नाही. उजवीकडे इंग्रजीत चौदा ओळी! वेळ सकाळी ११:४०, लॉगिन माझं. अकरा चाळीसला मी डॉक्टरच्या खुर्चीत आ वासून पडले होते.

"एआयने ठोकून दिलं असेल गं," माझा नवरा मिलिंद म्हणाला. तो आयटीत आहे.

"या मशीनला इंटरनेटच नाही. औषध कंपन्यांची अट आहे."

"मग तूच लिहून विसरलीस. वय होतंय, यार."

"बरं. मग आजचा स्वयंपाकही मी केलाय आणि तू जेवून विसरलायस, असं समज."

हसत हसत त्याने लॉग्ज काढले. दोन तास बसला. मग लॅपटॉप मिटून चहा टाकायला गेला. त्यालाही काही सापडलं नाही, याचा मला त्या चौदा ओळींपेक्षा जास्त राग आला.

ओळींत चार नावं होती. चौथ्यापुढे "वय सात". आणि शेवटी – "सही केली. शाई पसरली, म्हणून नवी प्रत मागवली आणि पुन्हा सही केली."

दाखवू नये असं वाटलं. पण लपवणं माझ्या कामात बसत नाही. ओदेतनी वाचलं. ही नावं त्यांनी मला कधीच सांगितली नव्हती, डायरीतही इतर कुठे नव्हती.

"बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "शाईचंसुद्धा."

मग कळलं. विशीत त्यांनीच ते पान कापून शेगडीत घातलं होतं. पुढे आपण ते खरंच वाचलं, की मनानेच रचलं, हे त्यांना ठरवता येईना. आयुष्यभर.

"आता दाखल्यावर सही कर."

"मूळ नाही, मादाम. नाही करता येणार."

"पण खरं आहे ते!"

"असेल. मी पाहिलेलं नाही."

"मग नातू म्हणेल, म्हातारीला भ्रम झालाय. तुझ्या सहीला वजन आहे, माझ्या आठवणीला नाही."

तीन आठवडे आम्ही यावर भांडलो. नियम माझा, तरी तोंड लपवत मीच फिरत होते. शेवटी दाखल्यात "पान ६१ वगळून" असं लिहिलं आणि ते पान वेगळं छापून त्यांच्यापुढे ठेवलं, बिनसहीचं.

ओदेतनी माझ्या हातातलं पेन घेतलं. खाली लिहिलं, "हे पान मी वाचलं होतं. मीच जाळलं." आणि स्वतःची सही केली. मग कागद माझ्याकडे न देता पर्समध्ये घालून निघून गेल्या.

सॉफ्टवेअरच्या सपोर्टवाल्यांनी माझी तक्रार दोनदा बंद केली. दोन्ही वेळा उत्तर एकच, "असं होऊ शकत नाही." मलाही तेच वाटतं. अगदी शंभर टक्के. त्याचाच तर संताप येतो.