धामणदऱ्याची कपार

कुंदाबाईचं माहेर चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. लहानपणी शेळ्यांमागे धावत ती कुठल्याही खडकावर चढायची. टेंभरं, चारोळ्या खात दुपार तिथेच काढायची आणि संध्याकाळी फाटक्या परकराने घरी यायची. "हाई पोर नही, वांदर शे," असं आई म्हणायची. मग लग्न झालं, ती धुळ्याला देवपुरातल्या दोन खोल्यांत आली आणि डोंगर संपला.

नवरा सुकदेवभाऊ एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. माणूस व्यसनी नव्हता, हात उगारणारा नव्हता. पण बायकोने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं त्यांना खपत नसे. भाजी ते आणत, किराणा ते आणत, तिच्या ब्लाउजचं कापडसुद्धा तेच पसंत करून आणत. "तुला काय कमी आहे घरात?" एवढंच विचारत. मुलगी दिपमाला मोठी झाली, पाचोऱ्याला दिली. कुंदाबाईला वाटलं होतं, हे रिटायर झाले की दोघं कुठेतरी फिरायला जाऊ.

ते रिटायर झाले आणि विसरू लागले. आधी चष्मा, मग गल्ली, मग माणसं. एकदा वर्कशॉपला जातो म्हणून निघाले ते साक्री रोडवर पार शहराबाहेर सापडले, अनवाणी. त्यानंतर कुंदाबाईने त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशावर आतून आपला मोबाइल नंबर दोऱ्याने शिवून टाकला आणि दाराला आतून कुलूप लावायला सुरुवात केली. किल्ली कमरेला. ते तिच्या पदराला धरून घरभर हिंडत, न्हाणीच्या दारापर्यंत मागे येत. ती कोण हे त्यांना कधी कळे, कधी नाही, पण ती नजरेआड झालेली चालत नसे. दुपार कलली की दार ठोकायला लागत. "माले घर जानं शे, दार उघड." घरात बसूनच घरी जायचं म्हणत.

शेजारच्या बेबाबाईने एका रविवारी दोघांनाही आपल्यासोबत धामणदऱ्याला नेलं. शहराबाहेरच्या डोंगराला कुंपण घालून तिथे वनउद्यान केलं होतं. सालई, धावडा, खैराची झाडी, मोठमोठे काळे खडक आणि त्यांच्यामधून वर जाणाऱ्या पायवाटा. वाट चुकू नये म्हणून दगडांवर पिवळे बाण रंगवलेले. थंडीत तिथे घरोघरची माणसं भरीत-भाकरी घेऊन येत, तरणी मुलं खडकांवर दोर बांधून चढत. कुंदाबाईला सगळ्यात नवल वाटलं ते नवऱ्याचं. खांद्याला शबनम पिशवी अडकवून दिली की ते ड्यूटीवर निघाल्यासारखे गप्प, समाधानाने चालत. ओरडणं नाही, ठोकणं नाही.

तेव्हापासून जमेल तेव्हा रिक्षा करून ती त्यांना तिथे आणू लागली. त्यांचं मनगट आपल्या हातात धरून पहिल्या वळणावरच्या बाकापर्यंत जायचं, बसायचं, परत यायचं. वाट तिथून पुढे मोठ्या खडकांमध्ये शिरे. ती त्या वाटेकडे बघत बसे.

त्या दिवशी बुधवार होता आणि उद्यानातल्या वाटांवर चिटपाखरू नव्हतं. सुकदेवभाऊ बाकावर बसून शेंगदाणे खात होते. तिने शबनम त्यांच्या खांद्यावर नीट केली.

"दिपमालाना बाबा, बसा आठेच. मी आलेच."

त्यांनी मान हलवली. तिने पदर खोचला आणि खडकांकडे निघाली. पहिला दगड चढली, दुसरा चढली. हातांना अजून सगळं ठाऊक होतं, कुठे पकडायचं, कुठे वजन टाकायचं. श्वास लागला तरी ती हसत होती. आणखी एक दगड चढला की पलीकडचं सगळं खोरं दिसेल, म्हणून तिने दोन मोठ्या खडकांमध्ये अडकलेल्या चपट्या दगडी चिपेवर पाय दिला. ती चीप फिरली. कुंदाबाई मांडीपर्यंत कपारीत गेली आणि फिरलेली चीप वरून तिच्या पायावर येऊन बसली.

कळ अशी आली की डोळ्यांपुढे अंधारलं. थोड्या वेळाने तिने पाय ओढून पाहिला. हलेना. वाकून हात घालून पाहिला, हात गुडघ्याच्या खाली पोचेना. मोबाइल शबनममध्ये आणि शबनम त्यांच्या खांद्यावर.

"ओ दिपमालाना बाबा! आठे या!"

ते आले. खालच्या दगडाशी उभं राहून तिच्याकडे पाहू लागले.

"पाय अटकना मना. पिशवीमातला फोन द्या. फोन."

त्यांनी शबनममध्ये हात घातला आणि शेंगदाण्यांची पुडी काढून तिच्याकडे धरली.

"ते नही हो. फोन, फोन!"

तिचा आवाज चढला तसे ते घाबरले. आवाज चढला की ते नेहमी घाबरत. पुडी छातीशी धरून एक पाऊल मागे सरकले. तिने आवाज खाली आणला, गोड बोलली, दिपमालेचं नाव घेतलं, वर्कशॉपचं नाव घेतलं. वर्कशॉप म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "येळ व्हई गया," ते म्हणाले, शबनम सावरली आणि पायवाटेने उतरू लागले.

"जाऊ नका! ओ, थांबा!"

ते थांबले नाहीत. झाडीत त्यांचा पांढरा शर्ट दोनदा दिसला आणि मग दिसेनासा झाला.

कुंदाबाई ओरडत राहिली. आवाज समोरच्या काळ्या खडकावर आपटून तिच्याकडेच येत होता. खाली रस्ता होता, रस्त्यावर ट्रक होते. ते फाटकातून बाहेर पडले तर? ती पुन्हा पुन्हा पाय ओढू लागली, कातडी सोलून निघाली तरी ओढत राहिली. शेवटी घसा बसला आणि ती खडकाला डोकं टेकून गप्प राहिली.

गप्प राहिल्यावर तिच्या लक्षात आलं की इथे कोणी तिला हाक मारत नाहीये. पदर कोणी धरलेला नाही. खडक उन्हाने कोमट झाला होता, सालईच्या सालीचा वास येत होता. किती वर्षांत ती अशी एकटी नव्हती. आणि त्या निवांतपणात एक विचार सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला: ते परत आले नाहीत तर?

भीतीचा नव्हता तो विचार. आतून कोणीतरी ओझं उतरवून ठेवावं तसं तिला वाटलं. क्षणभरच. मग तिला स्वतःचीच किळस आली. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, जणू कोणी ऐकलं असतं. पाय बधिर होत होता आणि ऊन खडकावरून सरकत होतं. आयुष्यभर मला कोंडून ठेवलं म्हणून या माणसाला मनात बोल लावले, तिला वाटलं, आणि आता घरात कुलूप कोण लावतं? रडायला आलं, पण रडायलाही जागा अपुरी होती. श्वास मोठा घेतला की समोरचा खडक छातीला लागत होता.

तिकडे फाटकावर नवल नावाच्या चौकीदाराने सुकदेवभाऊंना अडवलं.

"आबा, कोणासोबत आलात?"

"एकलाच शे मी."

नवलला संशय आला. त्याने त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. ते वाकून पाणी पिताना खिशाच्या आतला शिवलेला नंबर त्याला दिसला. त्याने तो लावला. आणि रिंग वाजली ती आबांच्याच शबनममध्ये.

 नवलने पिशवीत हात घालून फोन काढला, पडद्यावर आपलाच नंबर पाहिला आणि काय ते समजला. "हे एकटे नाहीत," तो फाटकाजवळच्या रोपवाटिकेत काम करणाऱ्या दोन बायांना म्हणाला. "यांचं माणूस वर आहे." एक बाई आबांजवळ थांबली. दुसरी, भागाबाई, पहार घेऊन नवलसोबत पायवाटेने धावत सुटली.

कुंदाबाईने पावलं ऐकली तेव्हा पहिला प्रश्न विचारला तो पायाचा नव्हता. "ते कुठे आहेत?"

"खाली आहेत अक्का, बसलेत. तुम्ही हलू नका."

नवलने पहार घालून चीप उचलली, भागाबाईने तिला काखेत धरून वर ओढलं. नडगी मोडली होती. झोळीत घालून तिला खाली आणलं तेव्हा सुकदेवभाऊ खुर्चीत बसून चहा पीत होते. त्यांनी तिच्याकडे कळवळून पाहिलं.

"हाई बाई कोन शे? हिले लागेल शे. पहिले तिले चहा द्या."

कुंदाबाईला एकदम हसू फुटलं आणि मग ते हसू थांबेना. भागाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पायाला प्लास्टर पडलं. दिपमाला पाचोऱ्याहून आली ती रागातच. "आई, आता बास. तुम्ही दोघांनीही घराबाहेर पडायचं नाही. खिडकीला पण जाळी लावून घेते मी." कुंदाबाई पलंगावरून ऐकत होती. सुकदेवभाऊ तिच्या प्लास्टरवरून बोट फिरवत शेजारी बसले होते.

"दिपमाला," ती म्हणाली, "तुला एक सांगते. ते खाली निघून गेले ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. परत येऊ नयेत असं वाटलं."

दिपमालेचे कणकेतले हात थांबले. तिने आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे.  पोळ्या झाल्या, जेवणं झाली, भांडी झाली. मग ती आईच्या उशाशी येऊन बसली.

"कधीपासून अशी दमली आहेस?"

"माहीत नाही गं."

जाळीचा विषय दिपमालेने पुन्हा काढला नाही. पाय बरा झाल्यावर ती मधूनमधून येऊन वडिलांजवळ बसू लागली, आईला धामणदऱ्यासाठी रिक्षात बसवून देऊ लागली. पुढे सासरी कापूस वेचणीची गडबड सुरू झाली आणि तिचं येणं तुटलं. कधी बेबाबाई बसते. कधी कोणीच नसतं, मग किल्ली कमरेला लावून कुंदाबाई घरातच असते, आणि दुपारी दार ठोकणं सुरू होतं. असे दिवस जास्त.

मागच्या पौषात एकदा तिला धामणदऱ्याला जायला मिळालं. पाय अजून थोडा ओढतच चालते ती. बाकाच्या पुढे, खडकांना वळसा घालून जाणाऱ्या सोप्या वाटेने ती हळूहळू माथ्यावर पोचली. धरणगावहून आलेल्या काही बायका तिथे सावलीत डबे उघडून बसल्या होत्या. त्यांनी ओळखदेख नसताना तिला बोलावलं, कळण्याची भाकरी आणि भरीत हातावर दिलं. खाली सगळं खोरं पसरलं होतं, हिरवं, पिवळं, मध्येच काळं.

"घरी कोण कोण असतं अक्का?" एकीने विचारलं.

"आम्ही दोघंच," कुंदाबाई म्हणाली. आणि मग, कोणी विचारलं नव्हतं तरी, "बेबाबाई बसली आहे त्यांच्याजवळ. मला निघायला हवं."

"खाऊन तर घ्या आधी."

तिने वाटेकडे पाहिलं. उठण्यासाठी एक हात जमिनीवर टेकला. मग तो हात तिने काढून घेतला, साडीला पुसला आणि आणखी अर्धी भाकरी मागितली.